उल्काची पाळी

सकाळच्या शांततेत बेसिनने बारीकसं टिंग केलं, तशी सात वर्षांची जुई आ करून उभी राहिली.

"आधी गुळण्या, मग नाक," उल्का म्हणाली. तिने नेतीच्या भांड्यातलं कोमट मिठाचं पाणी लेकीच्या नाकपुडीत सोडलं. ते दुसरीतून बेसिनमध्ये पडलं आणि त्यात साथीचा आजार आहे का, हे बेसिन तपासू लागलं. दोघींची रोज एकेक पाळी असे. हिरवा दिवा लागला की घराचं दार उघडायचं. लाल लागला, तर ज्याची पाळी असेल त्याला चौदा दिवस विलगीकरणात नेत.

तीन दिवसांपूर्वी उल्काचा घसा खवखवू लागला होता. पाळण्यातलं बाळ अजून अंगावर पीत होतं. त्याला टाकून ती कशी जाणार? म्हणून तिच्या पाळीलाही जुईच गुळण्या करत होती.

"आळशी आई! स्वतःच्या गुळण्यासुद्धा मलाच करायला लावतेस," ती रोज चिडवायची.

आज जुईच्याच पाळीला दिवा लाल झाला.

उल्काने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं. हे आपल्याच घशातून तिच्याकडे गेलं, हे कळायला तिला बेसिनची गरज नव्हती. खाली विलगीकरणाची गाडी येऊन थांबली. पाळण्यात बाळ भुकेने कुरकुरू लागलं.

जुईने तिचा गाऊन मुठीत धरला.

"आई, आज तुझ्या पाळीला तूच गुळण्या कर ना. तुझाही दिवा लाल होईल, मग आपण दोघी मिळून जाऊ. करशील?"