साहेबांचं वाक्य

"ज्या घरात प्रश्न विचारायची भीती वाटते, तिथे उत्तरंही खोटीच मिळतात," मी जेवताना म्हणाले.

"ही पुरोगामी पोपटपंची घराबाहेर," बाबांनी मला गप्प केलं.

आठवड्याने तेच वाक्य त्यांच्या लाडक्या साहेबांच्या फोटोखाली व्हॉट्सॲपवर आलं. बाबांनी ते झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं, वर मला वाचून दाखवलं. "शीक जरा. याला म्हणतात विचार."

पुढे मी साहेबांच्या पक्षाविरुद्ध निवडणुकीला उभी राहिले. पत्रकावर तेच वाक्य छापलं, खाली माझं नाव.

बाबा पत्रक नाचवत आले. "साहेबांचं वाक्य ढापलंस?"

"नाही बाबा. तुम्ही ऐकावं म्हणून मीच ते त्यांच्या फोटोखाली टाकलं होतं. मत खुशाल त्यांना द्या. वाक्य मात्र मी परत घेतेय."