मांड्यांचा ऑनलाइन क्लास

या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी येणाऱ्या नणंदांसाठी मांडे रूपानेच करायचे, असं घरात ठरलं. सासूबाईंकडून शिकायचं म्हणजे आधी तासभर बोलणी खायची. म्हणून नशिराबादच्या नणंदेने पाठवलेल्या लिंकवरून तिने गुपचूप ऑनलाइन क्लास लावला. तिथल्या मॅडम चेहरा दाखवत नव्हत्या की बोलत नव्हत्या. रूपाने फोटो टाकला, की कुठे चुकलं ते दोन ओळींत लिहून पाठवायच्या, तेही 'बेटा' म्हणून.

आज परसातल्या चुलीवर खापर तापलं आणि हातांवर फिरवत मोठा केलेला मांडा पहिल्यांदाच न फाटता त्यावर पडला. सासूबाई पुढच्या खोलीत चष्मा लावून मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या, त्यामुळे आयतंच फावलं. रूपाने हरखून फोटो काढला, क्लासवर टाकला आणि खाली सावकाश लिहिलं, "मॅडम, किती मायेने शिकवता तुम्ही. आमच्या सासूबाईंना हे जन्मात जमलं नसतं."

उत्तर लगेच आलं.



"बेटा, फोटो ऱ्हाऊ दे. मांडा करपी गया, आठे पुढली खोलीमा वास येस."