आबांकडचा चहा

रक्ताच्या कॅन्सरवर स्टेम सेल ट्रान्सप्लांट होऊन बुद्धभूषण ताडकळसला घरी आला, तेव्हापासून त्याला कुणाचा संसर्ग नको म्हणून आई सुकेशनी लेकराचा पेला वेगळा ठेवायची, रोज उकळून. त्या वेगळ्या पेल्याला पोरगं लय वैतागायचं. मग ती त्याला शेजारच्या किशनआबांची गोष्ट सांगायची. हॉटेलवाल्यानं आपल्या वस्तीसाठी बाहेर वेगळा ठेवलेला कप आबांनी तरणेपणी भर बाजारात कसा आपटून फोडला, त्याची. ती गोष्ट ऐकली की पोरगं मुकाट औषध घ्यायचं.

परवा डॉक्टरांनी त्याला सगळ्यांत मिसळायची मोकळीक दिली. "पहिला चहा आबाकडं," पोरगं हटूनच बसलं.

आबांनी बाजेवरनंच "ये रे वाघा" म्हणून हाक दिली अन् आत सुनेला सांगितलं, "धम्मशीला, चहा टाक. लेकराला तेवढा कागदी कपात दे."

सुकेशनीला हसू आलं. "आबा, आता तुमच्या कपात बी चालतंय. त्याला कुणाची बाधा व्हायची न्हाई."

 

आबांनी नजर चुकवली. "त्याला न्हाई गं माय... आमाला व्हईल म्हून."