औषधाचा वास

गावाला पाणी सोडणारा नूरमहंमद शेवगावच्या दवाखान्यात शिरला, तेव्हा गोजरबाईला अन् तिच्या नातीला सलाईन लागलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “पाणी कुठलं पिता?” “पान्याला नावं ठेवू नका,” गोजरबाई कण्हत म्हणाली, “आमचा नूर लई गोड पानी सोडतो. शिळी मटकी बाधली.” नूरमहंमदचा चेहरा उतरला. टाकीत जंतू मारायची पावडर टाकली की चहाला औषधाचा वास येतो, ही पहिली तक्रार तिचीच. तिचं मन राखायला त्यानं पावडर बंद केली अन् गावानं त्याला डोक्यावर घेतलं. “मावशी, पान्यानंच झालंय,” तो खाली मान घालून म्हणाला. “मी पावडर टाकलीच न्हाई.” गोजरबाई भिंतीकडं वळली. आठ दिवसांनी त्यानं गल्लीला पाणी सोडलं. तिनं भरलेला पेला हुंगला, तोंड वाकडं केलं अन् तोच नातीपुढं धरला. “वास येतोय. पी.”