एकाला एक

चलनवाल्याने फळ्यावरचा कालचा भाव ओल्या फडक्याने पुसला आणि तिथे खडूने ठसठशीत लिहिलं : एका निळीला एक लाल.

निळी म्हणजे पुलापलीकडच्या देशाची नोट, लाल म्हणजे आपली. गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या मोठ्या बहिणीने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. बँकेचा सकाळचा फोन तिनेच घेतला होता.

"अरे, एक लाल आणि वर सहा पैसे. सहा पैसे राहिले तुझे."

"राहिले नाहीत. लिहिले नाहीत."

"म्हणजे बट्टा घ्यायचा सोडून पदरचे पैसे घालायचे?"

"ताई, परवा एकच पैसा वर होता. काल तीन, आज सहा. पलीकडे तांब्याची खाण लागलीय. निळी आता चढतच जाणार."

प्रकरण ताईला ठाऊक होतं, तसं ते दोन्ही काठांना ठाऊक होतं. पलीकडे पुलाच्या तोंडाशीच बेकरी चालवणाऱ्या बाईला याने एकदा लग्नाचं विचारलं, तेव्हा ती हसत म्हणाली होती, तुमची लाल माझ्या निळीच्या बरोबरीला आली की विचारा. त्या वेळी एका निळीला नऊ लाल पडायच्या. दुसरा कोणी असता तर नकार समजून घरी गेला असता. हा मुलखाचा हट्टी, तो भाव बघत बसला. पलीकडच्या सरकारने नोटा छापायचा सपाटा लावला, नवाचे सहा झाले. इकडे धरण झालं, वीज बाहेर विकली जाऊ लागली, सहाचे तीन झाले. मग इकडे मोठा संप झाला आणि भाव पुन्हा पाचावर गेला, तेव्हा हा दोन दिवस जेवला नव्हता. तिथून उतरत उतरत भाव परवा कुठे एकाच्या जवळ आला होता. दोन देशांचं अर्थकारण इतकं मनाला लावून घेतलेला माणूस दोन्ही देशांत दुसरा नसेल.

ताईला भरून आलं. पण ती दुकानदारीत मुरलेली बाई होती.

"मग अक्षर तरी मोठं काढ," ती म्हणाली. "तिला लांबचं कमी दिसतं."

बेकरीवालीच्या आधी तो फळा शेजारच्या शिंप्याला दिसला. त्याने होत्या नव्हत्या तेवढ्या लाल नोटा आणल्या, त्यांच्या निळ्या घेतल्या, पूल ओलांडून पलीकडच्या दुकानात विकल्या आणि नोटेमागे सहा पैसे कमवून परत रांगेत उभा राहिला. त्याला पाहून न्हावी निघाला, गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून. थोड्या वेळाने ते गिऱ्हाईकही साबणासकट रांगेत आलं. ताई नोटा देत होती आणि प्रत्येकाकडे असं बघत होती की लाज असलेला माणूस परत आला नसता. सगळे परत आले.

बेकरीवाली भट्टीतून पाव काढत होती. गळ्यात टेप अडकवलेला शिंपी दारावरून तिसऱ्यांदा पळत गेला, तेव्हा तिने त्याला अडवलं.

"कुठे आग लागलीय?"

"आग कसली, बाई. तुमच्या चलनवाल्याचं डोकं फिरलंय. एकाला एक देतोय."

'तुमच्या' म्हणाला म्हणून एरवी तिने त्याला फैलावर घेतलं असतं. आज तिने पावांचा ट्रे त्याच्याच हातात दिला आणि पुलावर पाऊल टाकलं.

रांगेने तिला वाट करून दिली. ती काचेसमोर उभी राहिली. हाताला पीठ तसंच होतं. फळ्यावरचा भाव तिने सावकाश वाचला.

"खोटा भाव आहे हा," ती म्हणाली.

"हो."

"आज बँकेचा सहा पैसे वर आहे. मीही चौकशी करते रोज."

हे ऐकून चलनवाल्याला जो आनंद झाला तो त्याला लपवता आला नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही. ती रोज चौकशी करत होती. त्याच्या हातून खडू खाली पडला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"नऊ होता तेव्हापासून. पण तुम्ही तर भावाचे पक्के. असं खोटं का लिहिलंत?"

"खरा भाव यायची वाट बघत बसलो, तर तोवर आपणच चलनातून बाद होऊ. आता विचारू का?"

तिने मागे वळून पाहिलं. रांग पुलापर्यंत गेली होती, आणि शिंपी एका हातात पावांचा ट्रे नि दुसऱ्या हातात लाल नोटा घेऊन पुन्हा रांगेच्या टोकाला येऊन उभा होता. गल्ल्यात निळ्या नोटा जेमतेम उरल्या होत्या.

"विचारा," बेकरीवाली म्हणाली. "पण आधी शटर ओढा. लग्नाआधीच माझं दिवाळं काढताय का?"