अडीनडीला

"गाडी विकून नऊ वर्षं झाली, बाबा. आता लायसन्स कशाला हवंय?" मुलाने विचारलं.

"तुझी आई म्हणायची, अडीनडीला असावं. शेजारी चित्र्यांची गाडी असतेच."

ती अडीनडी यंदाच्या उन्हाळ्यात आली. दिगंबररावांची बायको ओट्यापाशी कोसळली. हात प्लास्टरमध्ये असलेले चित्रे किल्ली घेऊन धावत आले. दिगंबररावांनी एवढ्या वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता. फाटकाच्या चढावर गाडी पुन्हा पुन्हा बंद पडत राहिली. मागच्या सीटवरून ती म्हणत होती, "सावकाश. घाई करू नका." रिक्षा येईपर्यंत तिचं बोलणं थांबलं होतं.

"त्या दिवशी होतंच की लायसन्स खिशात," मुलगा म्हणाला.

दिगंबररावांनी ते त्याच्यापुढे सरकवलं.

"मुदत वाढवून आण. खिशात टोचत राहू दे."