कुंकवाखालचा क्रमांक

"काका, तुमचं घरकर्ज आता जुन्या कंपनीकडून आमच्याकडे आलंय, पण कर्जापेक्षा कमी किमतीत घर विकायची परवानगी काही फायलीत दिसत नाही," नव्या कंपनीतली मुलगी म्हणाली. गिऱ्हाईक शुक्रवारनंतर थांबणार नव्हतं; मग घराचा लिलावच.

भार्गवरावांनी जुन्या कंपनीचं परवानगीपत्र पुढे केलं.

"यावरचा अर्जाचा क्रमांक सांगा, शोधते."

क्रमांकावर कुंकवाचं भलंमोठं बोट होतं.

"देवापुढे ठेवलं होतं," कुमुदताई पुटपुटल्या.

भार्गवरावांनी बायकोकडे पाहिलं आणि परवानगीसाठी चार महिने जुन्या कंपनीला रोज फोनवर सांगून घोकलेले सोळा आकडे एका दमात म्हटले. परवानगी सापडली.

"अहो, हे पाठ! आणि लग्नाचा वाढदिवस?" कुमुदताईंचे डोळे भरले होते.

"तो रोज फोनवर कुणी विचारत नाही," भार्गवराव म्हणाले. "तू विचारत जा."